स्वातंत्र्यचळवळीचे दैनिक कसे उभारावे : कोकण किनाऱ्याच्या अनुभवातून

चळवळीचे वर्तमानपत्र काढू पाहणाऱ्याने सर्वांत आधी हे ठरवावे की आपल्याला मत मांडायचे आहे की रोजची बातमी पोहोचवायची आहे. मत मांडण्यासाठी साप्ताहिक पुरते. 'केसरी' 1881 साली निघाला तो साप्ताहिक म्हणून, शिवराम महादेव परांजपे यांचा 'काळ' 1898 साली निघाला तोही साप्ताहिक म्हणून, आणि या दोन पत्रांनी परकी सरकारला जितके अस्वस्थ केले तितके फार थोड्या दैनिकांना जमले. दैनिकाची निकड तेव्हा निर्माण होते जेव्हा चळवळच रोज घडू लागते : आज एका गावी सत्याग्रही पकडले जातात, उद्या दुसऱ्या गावी जंगलकायदा मोडला जातो, परवा कुठे गोळीबार होतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या दहा अफवा होतात. अशा वेळी आठवड्याने येणारा अग्रलेख कितीही तेजस्वी असला तरी लोकांची गरज भागवू शकत नाही. म्हणून या लेखात लेखनशैलीविषयी मी फारसे लिहिणार नाही. चळवळीचे दैनिक अग्रलेखापेक्षा वेळापत्रकावर आणि तिजोरीवर अधिक जगते, आणि नव्याने काढणाऱ्यांचे लक्ष नेमके त्याच दोन गोष्टींकडे कमी जाते.

आपल्या किनाऱ्याचा इतिहास याची साक्ष देतो. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ ज्यांनी 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' काढून केला ते बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे, लोकमान्य टिळक जन्माने रत्नागिरीचे, 'काळ'कर्ते परांजपे महाडचे. तरीही त्यांची पत्रे निघाली मुंबईहून आणि पुण्याहून. पुढे राष्ट्रीय चळवळीची दैनिके आली, म्हणजे 1915 सालचा अच्युत बळवंत कोल्हटकरांचा 'संदेश', 1921 साली सुरू झालेले 'लोकमान्य' आणि 1923 सालचा कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा 'नवाकाळ', तीही मुंबईचीच. कोकणात बुद्धीची किंवा देशभक्तीची वाण होती म्हणून असे झाले नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला घाट आणि मध्ये ठिकठिकाणी खाड्या, अशा मुलखात सकाळी छापलेला कागद संध्याकाळपर्यंत चाळीस मैलांवर पोहोचवणे हेच त्या काळी मोठे संकट होते. किनाऱ्यावरच्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जात, पण पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. रेल्वे सबंध कोकणातून धावू लागली ती 1998 साली. म्हणून दैनिकाची आखणी छापखान्यापासून सुरू न करता शेवटच्या वाचकाच्या उंबरठ्यापासून मागे मागे करत आणावी.

वेळापत्रक उलटे मांडावे

समजा दैनिक रत्नागिरीहून निघणार आहे आणि राजापुरातील वाचकाने ते न्याहारीच्या सुमारास हाती घ्यावे अशी अपेक्षा आहे. मग पहाटेची जी पहिली एसटी दक्षिणेकडे सुटते तिच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी गठ्ठे स्थानकावर हवेत. त्याआधी अंक मोजणे, घड्या घालणे, गावनिहाय गठ्ठे बांधणे आणि त्यांवर चिठ्ठ्या लावणे यांस दीड-दोन तास लागतात. त्याआधी छपाई, त्याआधी पाने लावणे, त्याआधी मुद्रितशोधन. असे मागे येत गेल्यावर कळते की शेवटची बातमी रात्री बारा-साडेबारानंतर घेता येणार नाही. ही वेळ एकदा ठरली की ती संपादकालाही मोडता येऊ नये. एखाद्या मोठ्या नेत्याच्या भाषणाचा उत्तरार्ध येईल म्हणून पान उघडे ठेवले आणि एसटी चुकली, तर त्या दिवशी राजापूर, कणकवली, कुडाळ यांना भाषणाचा पूर्वार्धही मिळत नाही. उरलेले भाषण दुसऱ्या दिवशी देता येते. चुकलेली गाडी मात्र चुकते, आणि ती आठवड्यातून दोनदा चुकली की विक्रेता दुसऱ्या पत्राकडे वळतो.

छपाईच्या यंत्राची निवडही याच हिशोबातून करावी. हातदाबाच्या जुन्या यंत्रावर ताशी सुमारे अडीचशे दाब निघत. चार पानांच्या 2,000 प्रती छापायच्या तर कागदाच्या दोन बाजू धरून 4,000 दाब होतात, म्हणजे सोळा तास. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवायला लागणारा वेळ त्यात धरलेलाच नाही. देवनागरीच्या खिळ्यांच्या पेटीत काने, मात्रा, जोडाक्षरे यांच्यामुळे रोमनपेक्षा कितीतरी अधिक खण असतात, त्यामुळे जुळारी कितीही तरबेज असला तरी मजकुराला वेळ लागतोच. एकोणिसाव्या शतकातली बहुतेक मराठी पत्रे साप्ताहिक का होती, याचे अर्धे उत्तर या गणितात आहे. ताशी हजार दाब देणाऱ्या सिलिंडर यंत्रावर हेच काम चार तासांचे होते आणि तेथून दैनिक शक्य होते. आज ऑफसेटवर ते काही मिनिटांचे आहे, पण म्हणून गणित सोडून देऊ नये. छपाईचा वेळ वाचला तरी अडचण वीज, दरड आणि पूर यांच्याकडे सरकते. आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली यांपैकी एखादा घाट बंद झाला तर कागद कोठून येणार, वीज गेली तर जनित्राला किती तासांचे डिझेल शिल्लक आहे, खाडीचा पूल पाण्याखाली गेला तर पलीकडच्या तीरावर गठ्ठा कोण घेणार, याची उत्तरे लेखी असावीत आणि ती छपाईच्या खोलीत भिंतीवर लावलेली असावीत.

अंक सुरू करण्याचा मुहूर्तही याच दृष्टीने पाहावा. चळवळीच्या माणसांना 1 ऑगस्टची टिळक पुण्यतिथी किंवा असाच एखादा स्मरणाचा दिवस सुचतो. भावना योग्य आहे, पण कोकणात ऑगस्टमध्ये नवे दैनिक सुरू करू नये. पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास आरंभ करावा, म्हणजे पुढच्या मृगापर्यंत सात-आठ कोरडे महिने मिळतात आणि त्या काळात विक्रेते, वर्गणीदार व वार्ताहर यांची घडी बसते. तत्पूर्वी दोन-तीन आठवडे रोज पूर्ण अंक तयार करून छापावा, बांधावा, गाडीवर चढवावा आणि विकू मात्र नये. या सरावाच्या अंकांवर झालेला खर्च वाया जात नाही.

कागद, वर्गणी आणि चाकरमानी

चार पानांच्या मोठ्या आकाराच्या एका अंकाला, वृत्तपत्री कागद चौरस मीटरला 45 ग्रॅम वजनाचा धरला, तर सुमारे 16 ग्रॅम कागद लागतो. 2,000 प्रतींना दिवसाला 32 ते 33 किलो, आणि खराबा धरला तर महिन्याला एक टनाहून थोडा अधिक. निदान दोन महिन्यांचा कागद नेहमी शिलकीत असावा, कारण सरकारला चळवळीचे पत्र बंद पाडायचे असले की ते नेहमीच संपादकाला अटक करत नाही. कागदाचा व्यापारी अचानक उधारी नाकारू लागतो आणि तेवढ्याने काम भागते. हा साठा जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावा. पावसाळी हवेत ओल शोषलेला कागद यंत्रात फाटतो आणि शाई पसरवतो.

पैशाचे मार्ग ठरावीक आहेत : वर्गणी, किरकोळ विक्री, जाहिराती आणि देणग्या. चळवळीच्या पत्राने सरकारी जाहिराती जमेस धरूच नयेत, कारण त्या ज्या दिवशी सर्वाधिक लागतील त्याच दिवशी बंद होतील. मोठ्या देणगीदाराविषयीही सावध राहावे. खर्चाचा तिसरा हिस्सा एकाच माणसाकडून येत असेल तर पत्र त्याचे झाले, मग वर नाव चळवळीचे का असेना. माझ्या मते सर्वांत भरवशाचा पैसा आगाऊ वर्षाची वर्गणी भरणाऱ्या सामान्य वाचकाचा असतो. कोकणाला या बाबतीत एक मोठी जमेची बाजू आहे, ती म्हणजे मुंबईतला चाकरमानी. गिरगाव, लालबाग, परळ येथील चाळींतून गावी येणाऱ्या मनीऑर्डरींवर इथली घरे पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्याच चाकरमान्याला गावच्या घरी रोज अंक पोहोचवण्याची वर्गणी मुंबईत भरायला सांगावी. गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या बैठका हे त्याचे ठिकाण, आणि गणपती व शिमगा हे त्याचे हंगाम, कारण तेव्हा तो स्वतः गावी असतो आणि अंक घरात येतो की नाही हे डोळ्यांनी पाहतो.

विक्रेत्यांकडून अनामत घ्यावी, परत येणाऱ्या अंकांची मर्यादा ठरवावी आणि वसुली दर आठवड्याला करावी. देशकार्य आहे म्हणून उधारी वाढू देणे हा देशकार्यावरच अन्याय आहे. कंपोझिटर, छपाईचे कामगार आणि गठ्ठे बांधणारी मुले यांचे पगार मात्र संपादकाच्या मानधनाआधी द्यावेत. स्वातंत्र्य मागणाऱ्या पत्राने आपल्याच कामगाराचा पगार थकवला तर त्याच्या शब्दाला छापखान्याच्या आतच किंमत उरत नाही.

कायदा, जामीन आणि संपादकाची खुर्ची

परकी सत्ता वृत्तपत्राला कोणकोणत्या बाजूंनी पकडते हे आपल्याकडच्या कायद्यांच्या क्रमावरून समजून घेता येते. 1867 च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांना दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करणे व अंकावर आपले नाव-ठिकाण छापणे बंधनकारक केले, म्हणजे पकडायचे कोणाला हे आधीच नोंदले गेले. (स्वतंत्र भारतात या कायद्याची जागा 2023 च्या कायद्याने घेतली असून तो 1 मार्च 2024 पासून लागू आहे. आज येथे दैनिक काढणाऱ्याने शीर्षकाची आणि नियतकालिकाची नोंदणी त्यानुसार करावी.) 1878 च्या कायद्याने केवळ देशी भाषांतील पत्रांवर बंधने आणली. भारतीय दंडसंहितेच्या 124अ, म्हणजे राजद्रोहाच्या, कलमाखाली टिळकांना 1897 साली अठरा महिन्यांची आणि 1908 साली सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि 'काळ'कर्त्यांनाही 1908 सालीच एकोणीस महिन्यांची. मग 1910 च्या प्रेस ॲक्टने पैशाचा फास आणला : नव्या छापखान्याकडून 500 ते 2,000 रुपये जामीन, म्हणजे सरकारकडे ठेवायची अनामत रक्कम, आणि तो जप्त झाल्यावर पुन्हा सुरू करायचे तर 1,000 ते 10,000 रुपये. 'काळ' बंद पडला तो याच वर्षी, जामिनाच्या मागणीपुढे. संपादकाच्या तुरुंगवासातून पत्र तगून निघते आणि रोख रकमेच्या मागणीपुढे मान टाकते, हे यातून लक्षात घ्यावे.

यातून तीन व्यवस्था पहिल्या अंकाआधी करून ठेवाव्यात. पहिली, जामीननिधी. तो रोजच्या खर्चाच्या खात्यात कधीही मिसळू नये, त्याला हात लावण्याचा अधिकार संपादकाला नसावा, आणि त्याचे विश्वस्त पत्राशी संबंध नसलेले, पण चळवळीशी प्रामाणिक असलेले असावेत. दुसरी, संपादकांची उतरंड. पहिला संपादक पकडला गेला तर दुसरा कोण, तोही गेला तर तिसरा कोण, हे त्या त्या व्यक्तींच्या लेखी संमतीने ठरलेले असावे, आणि दुसऱ्या-तिसऱ्याने महिन्यातून काही दिवस प्रत्यक्ष अंक काढून पाहिलेला असावा. टिळक मंडालेला असताना 'केसरी' निघत राहिला, कारण त्यांच्याभोवती अंक काढू शकणारी माणसे घडलेली होती. संपादक होण्यास तयार होणाऱ्याच्या घरच्यांशीही आधी बोलून घ्यावे. त्याच्या अटकेनंतर घरखर्च कोण चालवणार याचे उत्तर नसेल तर त्याला त्या खुर्चीत बसवू नये.

तिसरी व्यवस्था छापखान्याची. गावातला खाजगी छापखाना लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापून जगतो. चळवळीच्या दैनिकापायी त्याची यंत्रे जप्त झाली तर एक कुटुंब उघड्यावर येते. म्हणून छापखाना स्वतःचा असावा, आणि तो बंद झाल्यास लहान आकारात अंक काढण्याची सोय अन्यत्र असावी. 1930 च्या वटहुकुमानंतर गांधीजींचे नवजीवन मुद्रणालय सरकारने जप्त केले तेव्हा त्यांचे साप्ताहिक 'यंग इंडिया' चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) रूपात निघू लागले. त्या ओळखीच्या नावाखाली आलेली साधी पानेही वाचकांना पुरेशी होती. आज कोणी म्हणेल की कागद नसला तर मोबाइल आहे. मोबाइलचा उपयोग अवश्य करावा, परंतु इंटरनेट सेवा एका आदेशाने सबंध जिल्ह्यात बंद करता येते, हे विसरून त्याच्यावरच विसंबू नये.

सीमा ओलांडून जाणाऱ्या चळवळीचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो कोकणाला चांगला ठाऊक आहे. गोव्यात पोर्तुगीज राजवटीची पूर्वतपासणी होती. छापण्याआधी मजकूर अधिकाऱ्याच्या हाताखालून जायचा. तेथे 18 जून 1946 रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांच्या सभेने चळवळीला नवा जोर आला, तरी तिचे मुक्त वर्तमानपत्र गोव्याच्या भूमीवर उघडपणे निघणे अशक्य होते. म्हणून 25 नोव्हेंबर 1955 पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून गुप्त नभोवाणी केंद्र चालवले, पुढे ते कॅसलरॉककडे नेले, आणि डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत त्यांचा आवाज चालू राहिला. जेथे कागदाला नाका ओलांडता येत नाही तेथे दैनिकाने आपल्या बातम्या आवाजाच्या रूपाने पाठवण्याची तयारी ठेवावी. सीमेवरून गठ्ठे वाहणाऱ्या गरीब माणसाला त्यात काय आहे आणि पकडल्यास काय शिक्षा आहे हे स्पष्ट सांगितल्यावाचून त्याच्या डोक्यावर ओझे कदापि देऊ नये.

बातमी

चळवळीच्या दैनिकाची खरी परीक्षा येथे आहे. त्याच्या वाचकांना विजयाच्या बातम्या हव्या असतात, त्याच्या वार्ताहरांना त्या द्यायच्या असतात, आणि त्याच्या शत्रूला एका खोट्या बातमीची वाट असते. 1882 साली कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांच्या विरोधात हाती आलेली पत्रे प्रसिद्ध झाली, ती बनावट ठरली, आणि टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. इतक्या बुद्धिमान आणि निःस्वार्थी माणसांच्या बाबतीत हे घडू शकते, तर आपल्या कार्यालयात रोज येणाऱ्या निनावी पत्रांविषयी किती दक्ष असावे, याचा नियम आधीच करून ठेवावा. माझा नियम असा राहील : मूळ कागद पाहिल्याशिवाय, तो कोणाच्या हातून कसा आला हे समजल्याशिवाय आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारल्याशिवाय कोणताही कागद छापू नये. रात्री साडेअकराला आलेला कागद कितीही सनसनाटी असला तरी तो उद्यावर टाकावा.

वार्ताहर नेमताना तालुक्याच्या गावातील वकिलांवर आणि पुढाऱ्यांवरच थांबू नये. बंदरावरचे खलाशी, मासळीच्या बाजारात बसणाऱ्या स्त्रिया, आठवडी बाजार फिरणारे व्यापारी, देवळाच्या आवारात बसणारे गावकार यांना पोलीस कोणत्या वाटेने गेले हे आधी कळते. सरकारी नोकराला वार्ताहर करून त्याची नोकरी धोक्यात घालू नये. प्रत्येक वार्ताहराला आकड्यांची शिस्त लावावी : सभेला किती लोक होते हे मैदानाच्या मापावरून सांगावे, घोषणांच्या आवाजावरून नव्हे. मे 1930 मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, किंवा 25 सप्टेंबर 1930 रोजी उरणजवळ चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, तशा प्रसंगी मृतांची आणि जखमींची यादी नावानिशी, गावानिशी, दोन वेगवेगळ्या साक्षीदारांकडून पडताळून द्यावी. चिरनेरला सत्याग्रहींबरोबर सरकारी माणसेही मरण पावली. अशा वेळी त्यांची नावेही त्याच यादीत, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावीत. मृतांच्या घरी बातमी पोहोचण्याआधी अंक पोहोचू नये यासाठी त्या दिवशीचा अंक उशिरा निघाला तरी चालेल, वेळापत्रकाला मी मान्य करतो तो हा एकच अपवाद.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. राष्ट्राच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारे पत्र राष्ट्रातल्या सर्वांना आपली पाने उघडी ठेवते की नाही, हे पहिल्या महिन्यातच दिसते. 1920 साली डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'त छापली गेली नाही. 20 मार्च 1927 रोजी कोकणातल्याच महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि 3 एप्रिलला बाबासाहेबांना 'बहिष्कृत भारत' हे आपले वेगळे पत्र सुरू करावे लागले. पुढे 1933 ते 1939 या काळात अलिबागजवळ चरी येथे खोतांविरुद्ध शेतकऱ्यांचा दीर्घ संप चालला, आणि त्या चळवळीचे नेते नारायण नागू पाटील यांनी 1937 साली 'कृषीवल' काढले. पाण्याचा आणि कुळाचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर पाहू, असे म्हणणारे दैनिक अर्ध्या देशाला आपला वाचक होऊ देत नाही. म्हणून संपादकमंडळात वाडीवाडीतली, जातीजातीतली माणसे आणि स्त्रिया आरंभापासून असाव्यात, आणि चळवळीच्या नेत्यांवर टीका करणारे वाचकाचे पत्र आठवड्यातून निदान एकदा ठळक जागी छापावे. चळवळीच्या समितीने संपादकाची नेमणूक करावी, परंतु रोजच्या मजकुराला हात लावू नये, हेही लेखी करारात असावे.

वार्ताहरांची खरी नावे-पत्ते कार्यालयात ठेवू नयेत, ते एका विश्वासू माणसाकडे गावाबाहेर असावेत. वर्गणीदारांची यादीही गावनिहाय तुकड्यांत विभागावी, म्हणजे झडती झाली तरी सबंध यादी एका वेळी हाती लागत नाही. प्रत्येक अंकाच्या चार प्रती बाजूला काढाव्यात : एक कार्यालयाच्या फायलीसाठी, एक वकिलासाठी, एक मुंबईच्या एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयासाठी आणि एक घाटावर राहणाऱ्या स्नेह्याकडे. किनाऱ्यावरच्या हवेत कागदाला वाळवी आणि बुरशी फार लवकर लागते, म्हणून कार्यालयाची फाइल दर तीन महिन्यांनी बांधून घ्यावी आणि पावसाळ्याआधी ती एकदा उन्हात उघडून ठेवावी.